पाच लुगड्यांची गाठोडी

पांढुर्ण्याच्या त्या गल्लीत प्रज्ञाच्या गाठोड्यांची चेष्टा केली नाही अशी बाई शोधून सापडायची नाही. हसा म्हणावं खुशाल! ज्यांच्या घरी रोज सकाळी एका मोज्यासाठी सगळं कपाट पालथं होतं, त्यांनी तर जरूर हसावं.

सासूबाई शांताबाई तिगावला राहतात. त्यांची लुगडी विरली की त्या ती सुनेच्या हवाली करतात. प्रज्ञानं त्यांचे चौकोनी तुकडे करून कडा शिवून घेतल्या आणि दर रविवारी दुपारी ती सोमवार ते शुक्रवारची पाच गाठोडी बांधू लागली. प्रत्येकात दोन्ही मुलांचे घरचे कपडे, मोजे, रुमाल, डब्यासाठी मुरमुऱ्याचा चिवडा, आणि धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत त्या रात्रीच्या खिचडीचे डाळ-तांदूळ. हिरवं लुगडं सोमवारचं, जांभळं मंगळवारचं, असं धाकट्या प्रतीकला वाचता येत नव्हतं तेव्हापासून पाठ. गाठ मात्र ढिली. एक टोक ओढलं की पोराच्या हातानंही सुटली पाहिजे. नवरा रोशन कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, ती अंगणवाडीत, दोघंही दिवसभर बाहेर. अशा घरात दुसरं चालणार तरी काय?

पण हे सगळं चालत होतं ते एकट्या प्रज्ञाच्या जोरावर, आणि तिचं भ्यावही तेच होतं. तिला सुपरवायझर करायचं ठरलं होतं. त्याआधी सौसरला राहून आठवडाभराचं ट्रेनिंग, आणि पुढे सारखं गावोगाव फिरणं. मागच्या वेळी प्रतीक अंगावर पीत होता म्हणून तिनं नाही म्हटलं होतं. यंदा नाही म्हटलं तर पुन्हा कोणी विचारायला येणार नव्हतं. हो की नाही, ते ट्रेनिंग संपेल त्या शनिवारपर्यंत ऑफिसच्या मॅडमला कळवायचं होतं. तेवढा आठवडा तिच्याशिवाय घर चाललं तर हो, नाही तर नाही, असं तिनं मनाशी पक्कं करून टाकलं.

शांताबाई येते म्हणाल्या तर रोशननं आईला फोनवरच थांबवलं. मी आहो ना, म्हणे. ज्या माणसाला लग्नापासून स्वतःचा बनियन सापडला नाही, तो म्हणतो मी आहो ना! प्रज्ञा पाच गाठोडी फळीवर मांडून सौसरच्या बसमध्ये बसली खरी, पण जीव सगळा त्या फळीवर.

रोज संध्याकाळी फोन केला की रोशन म्हणायचा, सब ठीक आहे. प्रतीकला फक्त सौसरहून काय आणशील एवढंच विचारायचं असायचं. मानसी, मोठी, तर फोनवर धड बोलायचीच नाही. काम आहे म्हणून ठेवून द्यायची. त्या पोरीला कसलं आलंय काम?

शनिवारी दुपारी प्रज्ञा घरी पोचली. शेजारीण म्हणाली, तिघंही बाजारात गेलेत. किल्ली घेऊन तिनं दार उघडलं आणि आधी फळीकडेच पाहिलं.

पाचही गाठोडी जागच्या जागी. हिरवं, जांभळं, सगळी बांधलेली.

म्हणजे कोणी हातही लावला नाही! पोरं आठवडाभर मळके कपडे घालून हिंडली, आणि रात्री खाल्लं काय, नाक्यावरचे समोसे? राग आला, आणि रागाहून जास्त रडू आलं. पायातली चप्पलही न काढता ती खाटेवर बसली आणि मॅडमला मेसेज लिहिला की मला जमणार नाही. पाठवायच्या आधी उठून तिनं हिरव्या गाठोड्याचं टोक ओढलं. निदान पोरं येईपर्यंत धुतलेले कपडे तरी काढून ठेवावे.

गाठ सुटेना. पुन्हा ओढलं, तर आणखीच आवळली. प्रज्ञानं आयुष्यात अशी गाठ बांधली नव्हती.

तेवढ्यात दारात पिशव्या वाजल्या. मानसी धावतच आत आली.

"मम्मी, थे नको सोडू! थे पुढच्या सोमवारचं होय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रोजचं गाठोडं रोज सुटत होतं. कपडे रोशन धूत होता, घड्या मानसी घालत होती, डाळ-तांदूळ प्रतीक मोजत होता, आणि भरलेलं गाठोडं पुन्हा फळीवर जात होतं. गाठ रोशनची. जिनिंगमध्ये कापसाचं बोचकं बांधतात ती, ओढली की घट्ट होणारी.

"अन् पोरायनं सोडायची कशी?" प्रज्ञानं विचारलं. आवाज कडक ठेवायचा होता, तो राहिला नाही.

"मानसीले शिकवली ना," रोशन म्हणाला. "तुले बी शिकवतो. तू जा बिनधास्त."

प्रज्ञानं तोंडाला पदर लावला आणि मनसोक्त रडून घेतलं. छातीवरचा धोंडा उतरला की माणूस रडतंच, त्यात काय? मग लिहिलेला मेसेज पुसला आणि दुसरा पाठवला: हो, सोमवारपासून कामावर येते.

चहा रोशननं केला. मानसीनं ऐटीत हिरवी गाठ सोडून दाखवली. आत मुगाऐवजी तुरीची डाळ होती, आणि प्रतीकच्या मोज्यांपैकी एक पांढरा, एक राखाडी. प्रज्ञानं ते पाहिलं, तसंच राहू दिलं, आणि मानसी सांगेल तशी गाठ पुन्हा बांधली.