दुसऱ्या गणातली सहा मूलद्रव्यं

"बेअक्कल मंगी कामाला सारखी बाहेर राहते."

सरांनी फळ्यावर हे वाक्य लिहिलं आन् सगळा हॉल खदखदून हसला. लातुरातला क्लास. बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम, रेडियम. आवर्तसारणीतला दुसरा गण. वाक्यातल्या एकेका शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून एकेक नाव आठवायचं. इथं याला ट्रिक म्हणतात. ट्रिक सगळ्यांनी मिळून ओरडायची, भिंती दणाणल्या पाहिजेत, अशी रीत.

मंगी म्हणजे मंगलबाई. क्लासचे जिने, हॉल, संडास साफ करणारी. तवा ती दाराबाहेर फरशी पुसत होती. सरांनी तिच्याकडं बोट केलं. "ही बघा आपली मंगी! आता कुणी विसरणार का?"

मंगी माझी माय हाय.

वर्गात कुणालाच ठावं नव्हतं. मायनंच बजावलं होतं, "तिथं मला वळख दाऊ नको. पोरी तुला हिणवतील." मला डॉक्टर करायचं म्हणून आम्ही दोघी कंधारहून आलो. ती झाडते म्हणून मला क्लास फुकट. हे मॅनेजरनं ठरवलेलं, सरांना पत्ता न्हाई.

ओरडणं सुरू झालं. मी तोंड मिटून बसले. मायचा हात थांबला. मग मान खाली घालून ती पुन्हा पुसायला लागली. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला.

मी उभी राहिले. "सर, ते वाक्य पुसा."

"का गं? तुझं काय दुखतंय?"

"ती माझी माय हाय."

सगळ्या माना दाराकडं वळल्या. सर कसंनुसं हसले. "अगं, गंमत केली. त्याशिवाय पाठ कसं होणार?"

"मला येतं. शेवटच्या कक्षेत दोन-दोन इलेक्ट्रॉन हायत, म्हणून ती एका उभ्या रांगेत बसलीत. माझ्या मायला बेअक्कल म्हणल्यानं न्हाई."

मग सहाही नावं घडाघडा म्हणून दाखवली. कंधारच्या शाळेत बाईंनी शिकवली होती. आवाज फाटला, पण म्हणली.

संध्याकाळी मॅनेजरनं दोघींना बोलावलं. वर्गासमोर माफी माग, न्हाई तर मायचं काम बंद आन् तुझा क्लासबी. माय माझ्यावरच खेकसली, "गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं? मला का हे नवं हाय?"

तेच लई झोंबलं. नवं न्हाई म्हणून चालू द्यायचं? ते बोलून राहिले, आपण ऐकून राहिलो. किती पिढ्या?

"मी माफी मागणार न्हाई," मी मॅनेजरला म्हणलं. "मागायची तर सरांनी मागावी. मायकडं."

दोघी बाहेर. माय लई दिवस माझ्याशी धड बोलली न्हाई. आता ती एका खानावळीत पोळ्या लाटते. मी अभ्यासिकेत बोर्डाचं पुस्तक घेऊन बसते. आवर्तसारणी हायड्रोजनपासून धरली. ट्रिक एकबी न्हाई. कोण कुठं बसतं, का बसतं, कुणाला काय देतं, समजून घेऊन राहिले. वेळ लागतो. लागू दे. डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा मी देणारच हाय.

परवा क्लासमधली एक पोरगी भेटली. म्हणाली, "सर अजून तेच वाक्य शिकवतात गं. तुझं नाव निघालं की सगळे हसतात."

हसा म्हणावं.

उद्या नव्या बॅचला दुसरा गण हाय, हेबी तिनंच सांगितलं. मी जाणार. हॉलच्या दारात उभी राहणार. ढकलून काढलं तर जिन्यात, जिन्यातून काढलं तर रस्त्यावर. फळ्यावरचं ते वाक्य पुसल्याबिगर मी हलणार न्हाई.