स्टँडवर

रस्त्यात अनोळखी माणसं आपल्याकडे बघून हात करायला लागली की आपण कोणीतरी मोठे झालो असं वाटतं. मला एकदा वाटलं होतं, साधारण काळाचौकीपासून हिंदमाताच्या पुढपर्यंत.

त्याचं झालं काय, आदल्या दिवशी आमच्या चाळीत पूजा होती. पूजेला आम्ही नाटक करतो. त्यात मला यमाच्या रेड्याचं काम होतं. रेड्यात दोन माणसं असतात, त्यातला मी मागचा. अर्धा तास वाकून, पुढच्याची कंबर धरून फिरलो. लोक पोट धरून हसले. मला वाटलं, माझ्या कामाला हसले. शेपूट सुटून माझ्या हातात आली होती हे नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला मोटरसायकलवर पाठी बसवून दादरला निघालो. ती तिथं शिवलेल्या नऊवारी विकतात त्या दुकानात शिवणकाम करते. मी चिंचपोकळीला स्लायडिंगच्या खिडक्या बसवायच्या कामाला आहे. म्हणजे तिला सोडायचं आणि उलटा यायचं. तर लालबागला एक टेम्पोवाला माझ्याकडे बघून ओरडला. मी हात केला. परळला टॅक्सीतून एक आजोबा खाली बोट दाखवून कायतरी सांगायला लागले. मी नमस्कार केला. बायकोनं विचारलं, कोण हो ते? म्हटलं, काल पूजेला आले असतील, ओळखलं मला. ती म्हणाली, "तुमचं तोंड कुणी बघितलंय? तुम्ही पाठचे होतात."

मी त्याचा विचार करेपर्यंत डावं वळण आलं. आमच्या चाळीपासून तिथपर्यंत सगळं सरळ नाहीतर उजवीकडे. डावीकडे पहिल्यांदा तिथंच गाडी वाकवतो. वाकवली, तर खालून खाड करून आवाज झाला, गाडी उडाली आणि आम्ही दोघं रस्त्यावर. साईड स्टँड खालीच राहिला होता. तो टेम्पोवाला आणि ते आजोबा, सगळे 'स्टँड, स्टँड' सांगत होते आणि मी नमस्कार घालत होतो.

स्पीड नव्हता आणि डोक्यावर दोघांच्या हेल्मेट, म्हणून वाचलो. माझं कोपर सोललं. तिचा पाय मुरगळला आणि डबा उघडून कोलंबीचं सुकं रस्त्यावर. लोकांनी आम्हाला उचललं. गाडी उचलणारा म्हणाला, काका, मी पाठून कवापासून हॉर्न देतोय. त्यालाही मी हात केला होता.

चूक कुठं झाली ते सांगतो. बायको साडी नेसते, एका बाजूनं बसते. बसताना गाडी हलली की तिला भीती वाटते. म्हणून मी काय करायचो, गाडी साईड स्टँडवरच ठेवायचो, वर मी बसायचो, मग ती बसायची, मग टाचेनं स्टँड वर घ्यायचा आणि निघायचं. पंधरा वर्षं असंच. त्या दिवशी डोक्यात रेडा होता, टाच विसरली. नवीन गाड्या स्टँड खाली असला तर गिअर टाकल्यावर बंद पडतात म्हणे. माझी गाडी जुनी आहे, मालकाइतकीच हुशार.

चार दिवसांनी तिच्या पायाची सूज उतरली. मी सकाळी गाडी पुसून तयार. ती खाली आली, गाडीला वळसा घातला आणि बस स्टॉपकडे चालायला लागली. भांडली नाही. भांडली असती तर बरं होतं.

आता यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. आमच्या खोलीत सात माणसं. आई, भाऊ, भावजय, त्यांची दोन पोरं आणि आम्ही दोघं. घरात ती माझ्याशी बोलते ते 'गॅस संपत आलाय' आणि 'टॉवेल तिथं नको'. बाकी सगळं गाडीवर. काळाचौकी ते दादर वीस मिनिटं, सिग्नल लागले तर पंचवीस. भावजयीबद्दल काय ते तिथं, माझ्या आईबद्दल काय ते तिथं. हसायचं तिथं, रुसायचं तिथं. आम्ही नवरा-बायको असतो ते गाडीवर. आणि ती बसनं जायला लागली.

मी उपाय केला. काचेवर खूण करायचा मार्कर माझ्याकडे असतो. पेट्रोलच्या टाकीवर, बरोबर नजरेसमोर, मोठ्या अक्षरात लिहिलं. सातवीत मी दोनदा बसलेलो आहे, त्यामुळे अक्षर पक्कं आहे. तिला बोलावून दाखवलं. म्हटलं, वाच. तिनं वाचलं.

"स्टँडवर."

म्हटलं, बरोबर. स्टँड, वर. म्हणजे वर घ्या.

"मध्ये जागा कुठंय? गाडी स्टँडवर लावा असं लिहिलंय हे. ते तुम्ही न लिहिता पण करता."

आणि गेली बसला. मला वाटलं, उगाच खोड काढते. त्याच दिवशी एकटा कामावर जाताना सिग्नलला थांबलो, खाली नजर गेली, 'स्टँडवर' वाचलं आणि माझ्या पायानं खरंच स्टँड खाली केला. हिरवा झाला. बाजूचा स्कूटरवाला म्हणाला, भाऊ, स्टँड. यावेळी मी हात केला नाही. खाली बघितलं, स्टँड घेतला, त्याला थँक्यू म्हटलं आणि कामावर पोचल्यावर थिनरनं टाकी पुसली. अक्षर गेलं, थोडा रंग पण गेला.

मेकॅनिकनं स्टँडची स्प्रिंग बदलून दिली, जुनी सैल झाली होती. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, स्प्रिंग बदलली, चालवणारा तोच आहे.

तीन आठवडे असेच गेले. रविवारी सासरे वरळीहून लेकीचा पाय बघायला आले. पाय कधीच बरा झालेला, पण त्यांना मासे खायचे होते. सासरे बसमध्ये कंडक्टर होते. जेवताना आईनं सगळी गोष्ट सांगितली, रेड्यासकट. मी हसत होतो. सासरे हसले नाहीत. हात धुतले आणि म्हणाले, "जावयबापू, डायवराक मागचा काय दिसणा नाय. मागचा बघूक कंडक्टर लागता." मग लेकीकडे वळले. "तू डाव्या बाजूक पाय सोडून बसतंस. स्टँड तुझ्या पायाखाली. मग बेल कोण देतला?"

तिनं ताटं उचलली, ओट्यावर ठेवली. आणि खाली आली.

चाळीच्या चौकात प्रॅक्टिस झाली. तिन्ही मजल्यांच्या गॅलरीत माणसं उभी. सासऱ्यांनी नियम सांगितला. स्टँड आधी वर. दोन्ही पाय जमिनीला, ब्रेक दाबून गाडी घट्ट धरायची, मग बाईमाणूस बसणार. बसल्यावर तिनं खाली बघायचं. स्टँड वर असेल तर हेल्मेटवर दोनदा टकटक, डबल बेल, निघायचं. खाली असेल तर एकदाच, सिंगल, हलायचं नाही.

मी पंधरा वर्षांच्या सवयीनं गाडी स्टँडवरच ठेवून बसलो. ती बसली, खाली बघितलं आणि सिंगल बेल दिली. मूठ वळून दिली. हेल्मेटच्या आत माझे दात वाजले. दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी म्हणालं, वहिनी, अजून एक द्या. सासरे म्हणाले, परत. दुसऱ्यांदा स्टँड घेतला, पाय रोवले, गाडी अशी धरली की मांड्या थरथरल्या. ती बसली. गाडी हलली नाही. बराच वेळ खाली बघत राहिली. मला वाटलं उतरते. मग टक, टक.

आम्ही चौकात एक गोल मारला. सासऱ्यांनी हात वर करून थांबवलं आणि चहा मागितला.

सोमवारी ती बसला गेली नाही. डबल बेल देऊन निघालो. लालबागपर्यंत गप्प. मी पण गप्प, उगाच तोंड उघडून काही बिघडायला नको. परळला तिनं भावजयीपासून सुरुवात केली. मग आईचं घोरणं, मग दुकानातली नवीन मशीन, मग भावाच्या धाकट्याला गणित येत नाही ते. डावं वळण आलं तेव्हा तिनं माझा खांदा धरला, बोलणं थांबवलं, वळण गेलं की परत तिथूनच चालू. तीन आठवड्यांचं साचलेलं होतं. मध्येच म्हणाली, "बसमध्ये जागा मिळायची हो मला. पण खिडकीला बसून सांगणार कुणाला?"

मी गाडी हळू केली. 

दादर आलं. दुकानासमोर गाडी थांबवली, पाय रोवले, ब्रेक दाबला. ती उतरेना. म्हणाली, तुमच्या आईचं अर्धंच राहिलंय. मग सर्कलला एक फेरी मारली. तरी राहिलं. दुसरी मारली. ट्रॅफिक हवालदारानं अडवून विचारलं, पत्ता सापडत नाही का. मी काही बोलायच्या आत पाठून तीच म्हणाली, सापडलाय साहेब, थोडं बोलून घेतो.