खालचं मीठ, वरची चहापत्ती

धुरपामावशींच्या स्वयंपाकघरात हाताशी म्हणावी अशी एकही वस्तू नव्हती. ओटा होता, चांगला काळ्या ग्रॅनाइटचा, मुलाने हौसेने बसवून घेतलेला. पण त्यावर शेगडीखेरीज काही नसे. मिठाची बरणी जमिनीवर, कोपऱ्यात. पातेलीही जमिनीवरच. चहापत्तीचा डबा इतका वर, की टाचा उचलून हात ताणल्याशिवाय बोटाला लागायचा नाही. साखर तर पलीकडच्या खोलीत. मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "आधी चहा घिऊ. तूच टाक," आणि स्वतः दारात उन्हात जाऊन बसल्या. एका कपासाठी मी दोनदा वाकले, एकदा ताणले गेले आणि दोन खोल्यांमध्ये तीन फेऱ्या घातल्या.

रांजणगावच्या एका कंपनीत मी सुटे भाग तपासण्याचे काम करते. आठ तास स्टुलावर बसायचे आणि भिंगातून चरे शोधायचे. कंपनीची बस शिक्रापूरच्या चौकात थांबते, म्हणून तिथे खोली हवी होती. मी एकटीच राहते. का, ते इथे सांगायचे कारण नाही. चहाचा कप मावशींच्या हातात देताना मी मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, "मावशी, तुम्हाला या वयात त्रास होत असेल. मी सगळं ओट्यावर मांडून देऊ का?" त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. माझे वय विचारले. मी सत्तेचाळीस सांगितले. "मंग तुजी खोली वरची," त्या म्हणाल्या आणि चहा पिऊ लागल्या.

त्यांचे सासर कासुर्डीकडचे, धनगराचे. उमेदीची सगळी वर्षे मेंढरांमागे गेली. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून कोकणाकडे चालत जायचे आणि पावसाच्या तोंडी परत यायचे. रोज नवा मुक्काम, रोज सामान उतरवायचे, रोज चढवायचे. पुढे मेंढरे विकली, मुलगा बबन कंपनीच्या बसवर ड्रायव्हर लागला आणि शिक्रापुरात घर झाले. "घर झालं आन् आमचं हे खाटंवर बसलं," मावशी नवऱ्याबद्दल सांगत. "डोंगर चढणारा गडी. मी बी लाडानं तांब्या हातात, ताट हातात दिलं. पाच-सहा वर्सांत त्येला खाटंवरनं उठता येईना." तो गेल्यानंतर त्यांनी ओटा रिकामा केला आणि मीठ जमिनीवर आले. बबन कुरकुरला, सून चिडली, शेवटी दोघे नाद सोडून आपल्या वेगळ्या स्वयंपाकघरात रांधू लागले.

हे ऐकताना मला बरे वाटत नसे. माझी आई खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळली, तेव्हा मीही तिला सगळे हातात दिले होते. ऑपरेशन चांगले झाले होते. डॉक्टरांनी चालवा म्हणून सांगितले होते. पण ती पाऊल टाकायला घाबरायची, आणि तिचा घाबरलेला चेहरा मला बघवायचा नाही. मी तिच्या खाटेला सायकलची घंटी बसवली. ती वाजवायची, मी धावायचे. नातेवाईक म्हणायचे, लेक असावी तर अशी. दीड वर्षाने आई गेली, ती पुन्हा एकदाही उभी न राहता. हे मी मावशींना बरीच वर्षे सांगितले नाही.

मग माझी पाळी आली. कंपनीच्या बसमधून उतरताना पायरी चुकली, हात टेकवला आणि मनगट मोडले. एवढ्याशा पडण्याने हाड मोडले म्हणून डॉक्टरांनी तपासणी करायला लावली. हाडे ठिसूळ होत चालली आहेत, असे निघाले. गोळ्या दिल्या; शिवाय ऊन घ्या, चाला, अंगावर थोडा भार घ्या, आहार सुधारा, असे सांगितले. मी त्यातल्या गोळ्या तेवढ्या ऐकल्या. जिना बघितला की मी खालच्या पायरीशीच थांबायचे. मला आईची खाट दिसायची आणि तिच्यावर मी. त्याच महिन्यात मावशींची खालची एक खोली रिकामी झाली होती. ती मला द्या म्हणून मी हात गळ्यात बांधून त्यांच्यापुढे उभी राहिले.

"खोली रिकामी हाय," मावशी म्हणाल्या. "पर तुला न्हाई."

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. म्हातारी दगडाच्या काळजाची आहे, असे शेजारणीला सांगून आले. जिना मात्र रोज चढावा लागत होता, आणि कठड्याला धरून चढताना खाली मावशी उभ्या असत. मी पडले तर झेलण्याइतकी ताकद त्यांच्या अंगात होती की नाही कोण जाणे, पण माझे दार लागल्याशिवाय त्या आत जात नसत. हे माझ्या लक्षात आठव्या दिवशी आले. नवव्या दिवशी मी चहा करायला गेले.

तिथून माझी शाळा सुरू झाली. मावशी काही औषधाच्या विरोधात नव्हत्या. रोज पहिला प्रश्न गोळी घेतली का, हाच. पण वर म्हणत, "गोळी म्हंजी सिमीट. सिमीटाचं पोतं अंगणात आणून ठिवलं म्हून भित उभी ऱ्हाती व्हय? कुनी तरी कामाला लागाया पायजे." सुट्टीच्या सकाळी त्या मला बाह्या वर करून उन्हात बसवीत आणि शेवग्याचा पाला निवडायला देत. त्यांच्याकडे हुलग्याच्या पिठाचे पातळ माडगे मिळे, तिळाची चटणी मिळे, दुपारी ताक मिळे. मनगट बरे झाले तसे कळशीत आधी तांब्याभर, मग दोन तांबे असे पाणी घालून ती मला वर न्यायला लावीत. वर नळ होता. तरी नेत असे. जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि हात न टेकता उठायचे, हे मला जमायला पाच महिने लागले. "हाडाला काम लागतं," त्या म्हणत. "काम न्हाई दिलं तर ते रजेवर जातं. मंग कितीबी हाका मार." पुढच्या तपासणीत आकडा थोडा वर सरकला होता. डॉक्टर गोळ्यांवर खूश झाले, आणि मी त्यांच्या आनंदात विरजण घातले नाही.

गेल्या वर्षी चौकात भाजी घेऊन परतताना एका मोटरसायकलने मावशींना उडवले. मोडले ते खुब्याचेच हाड. आत रॉड टाकावा लागला. डॉक्टर बबनला म्हणाले की अठ्ठ्याहत्तरीला असे हाड क्वचित मिळते, स्क्रू घट्ट बसलेत, उद्यापासून वॉकर घेऊन चालवा. मला वाटले, आता काळजी नाही. ही बाई वॉकरसुद्धा कळशीसारखा उचलेल.

पण घरी आलेल्या मावशी वेगळ्याच होत्या. फिजिओथेरपीचा मुलगा येई तेवढ्यापुरत्या दोन पावले टाकीत, तो गेला की डोळे मिटून पडत. एकदा पायावर भार देताना कळ आली, ती त्यांच्या मनात बसली. बबन आईवर जीव टाकणारा. त्याने मीठ, चहा, साखर सगळे ओट्यावर आणले, सुनेला हाताशी राहायला सांगितले आणि एका रविवारी मी गेले तर खाटेला बटणाची घंटी लावत होता. बटण मावशींच्या उशाशी, आवाज स्वयंपाकघरात. मी दारातच थांबले.

बबनला मी बाहेर नेऊन आईची सगळी हकीकत सांगितली. घंटीसकट. त्याने आत जाऊन बटण काढून खिशात घातले. मी खाटेजवळ बसले. मावशींनी पाणी मागितले. मी पेला भरला आणि तो खिडकीत ठेवला. खाटेपासून चार पावलांवर.

"सुनंदे, दे की गं हातात," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की मी जवळजवळ उठलेच. "मी काय आता उठतीय का?"

"आईला मी सगळं हातात दिलं, मावशी," मी म्हणाले. "तुम्हाला नाही देणार."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग भिंतीकडे वळल्या. मी वॉकर खाटेला लावून दिला आणि शेजारी उभी राहिले. त्यांनी मला निर्दय म्हटले, कंपनीवाली म्हटले, खोली खाली कर म्हटले. पाऊण तास गेला. माझा घसा कोरडा पडला होता, पण त्यांच्याआधी पाणी प्यायचे नाही, असे मी ठरवले होते. शेवटी त्यांनी पाय खाली सोडले. चार पावलांना किती वेळ लागला ते मी बघितले नाही. माझे लक्ष त्यांच्या पाठीमागे धरलेल्या माझ्याच हातांकडे होते. पेला रिकामा करून त्या म्हणाल्या, "पानी गरम झालं." दुसऱ्या दिवशी मी पेला व्हरांड्यात ठेवला.

पुढचे चार महिने आम्ही दर रविवारी एकेक वस्तू लांब नेत गेलो. साखर पलीकडच्या खोलीत परतली. चहापत्ती आधी मधल्या फळीवर, मग वर चढली. वॉकर जाऊन काठी आली, मग काठी दारामागे उभी राहू लागली. राहिले फक्त मीठ. खाली बसायला डॉक्टरांची परवानगी नव्हती, आणि त्या एका बाबतीत मावशींनी डॉक्टरांचे अक्षर न् अक्षर ऐकले.

हाड पुरते जुळले, आता धरून धरून बसायला हरकत नाही, असे डॉक्टर म्हणाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळीच खाली गेले. बरणी उचलून तिच्या जुन्या कोपऱ्यात ठेवली. मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. "आज कालवण तुम्हीच टाका," मी म्हणाले आणि बाहेर उन्हात जाऊन बसले.

आत फोडणी चरचरली. मग भांड्यांचा आवाज थांबला. ओट्याची कड धरून त्या किती खाली गेल्या असतील, याचा अंदाज घेत मी चौकटीला घट्ट धरून बसले होते. उठून आत जावे असे चारदा वाटले. मग बरणीचे झाकण फरशीवर टेकल्याचा आवाज आला, आणि मला आपोआप रडू आले. आईसाठी आले की मावशींसाठी, हे मी शोधत बसले नाही.

"सुनंदे," आतून हाक आली. आवाज जमिनीजवळून येत होता. "मीठ सरत आलंय. कंपनीतनं येताना घिऊन ये. आन् आत येऊ नगं, मी उठतीया."