आमच्या घराचं नाक खाली राहतं

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट हातात आल्याशिवाय साधा मलेरियाही मानत नाही. तरी हे लिहितेय... कारण याचा रिपोर्ट कुठे मिळत नाही.

आम्ही नागपुरात सक्करदऱ्याला वरच्या मजल्यावर राहतो. मी, सासरे म्हणजे बाबा, आणि मुलगी रेवा. नवरा नोकरीसाठी गोंदियाला, रविवारी येतो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो तिकडेच अडकला म्हणून सुटला. इकडे आम्ही तिघंही पडलो. बरे झालो म्हणायचं, पण प्रत्येकाला काही ना काही चिकटून राहिलंच. बाबांना दोन खोल्या चालल्या की धाप लागते. मला ऐन बोलताना साधे शब्द आठवत नाहीत. रेवा तेव्हा दहाची होती, घरभर उड्या मारायची. आता शाळेतून आली की बुटांसकट झोपते. आणि तिघांनाही वास येणं बंद झालं, ते झालंच.

दूध नासलं, वरण आंबलं, तोंडात घालेपर्यंत कोणाला कळणार? म्हणून वाटी खाली जायची, पुष्पाकाकूंकडे. काकू तळमजल्यावर एकट्या राहतात. काकांचं महाल भागात खुल्या चहापत्तीचं दुकान होतं. चिमूटभर पत्ती नाकाशी नेली की कुठली ते सांगायचे, असं नाक! त्याच लाटेत ते गेले. काकू व्हरांड्यात बसतात, शेजारी काकांची रिकामी वेताची खुर्ची. वाटी हातात घेतली की आधी जराशी त्या खुर्चीकडे धरायच्या, मग स्वतःच्या नाकाशी. "चांगलं आहे, खा," नाहीतर "फेका." चार वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत. खुर्चीकडे हात नेण्याची सवय मी म्हातारपणावर ढकलून मोकळी झाले होते.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. लाइट गेलेले, झळा नकोत म्हणून खिडक्या बंद. बाबा दिवाणावर पडलेले, मला आतल्या खोलीत डुलकी लागलेली. रेवाने कॉफीसाठी दूध गॅसवर ठेवलं आणि तिथेच फरशीवर बसल्या बसल्या झोपली. दूध उतू गेलं, आच विझली, गॅस सुरूच राहिला. घरात तीन माणसं, आणि एकालाही पत्ता नाही.

दारावर कोणीतरी स्टीलची वाटी आपटत होतं. उघडलं तर काकू! गुडघ्यांमुळे दोन वर्षांत ही बाई जिना चढली नव्हती.

"गॅस बंद कर वं मीना! खिडक्या उघड! लेकराले बाहेर घे पहिले! लाइन येऊन जाईन... मेन स्विच मी पाडला खालून!"

गॅस बंद करून रेवाला अक्षरशः ओढत गॅलरीत आणलं, मागून बाबा धापा टाकत आले. तेवढ्यात समोरच्या घरातला कूलर घरघरला. लाइट आले होते. आमच्या कूलरचं बटण चालूच होतं. एक ठिणगी पुरली असती... रेवाने डोळे उघडेपर्यंत मी तिच्या तोंडावर पाणी मारत राहिले.

मग मी मनाची समजूत घातली. गॅस हवेपेक्षा जड असतो, जिन्यातून खाली उतरला असेल, काकूंना वास आला असेल. झालं.

संध्याकाळी काकूंच्या पाया पडायला गेले. त्यांनी शेवयांची खीर पुढे केली. पहिलाच घास आंबट लागला. वास गेला तरी एवढं जिभेला कळतं.

"काकू, खीर नासली तुमची."

"हो का वं? वासावरून मले कुठं समजते."

"म्हणजे?"

"माहं नाक तुमच्यासंगंच गेलं. हे गेले, त्याच आठवड्यात."

"मग आमचं दूध, वरण? आजचा गॅस?"

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. "हे सांगतात. मी नुसती बोलते." मग हळूच म्हणाल्या, "आम्ही बौद्ध माणसं. आत्मा-बित्मा मानत नाही. कोणाले सांगू? पोरीलेबी नाही सांगितलं."

"आणि तुमच्या खिरीचं नाही सांगितलं?"

"माह्या हातच्या रांधण्याले त्यायनं जिवंतपणीबी कधी नाव नाही ठेवलं." आधी हसल्या, मग रडल्या. मीही रडले.

पण मी पडले लॅबवाली. दुसऱ्या दिवशी काकूंना डोळे मिटायला लावून कापूर, कॉफी, फिनाईल नाकाशी धरलं. त्यांना एकही ओळखता आलं नाही.

परवा काकू गुडघे दाखवायला दवाखान्यात गेल्या होत्या. रेवा वाटी घेऊन खाली गेली आणि लगेच परत आली.

"आई, वरण फेकून दे."

"काकू आल्या का?"

"नाही. खुर्चीसमोर धरलं."

तिला मी यातलं अवाक्षरही सांगितलेलं नव्हतं. "मग तुला कसं समजलं?"

तिने खांदे उडवले. "समजलं." आणि जाऊन झोपली.

काकूंची सवय बघून नक्कल केली असेल? की नुसतं ठोकून दिलं? बोट बुडवून चाखलं असतं तर एका क्षणात खरं-खोटं झालं असतं. मी बोट वाटीपर्यंत नेलं... आणि वरण चांगलं निघालं, खुर्ची रिकामीच ठरली तर, असं मनात आलं. मग मी लॅबमध्ये असताना माझी पोर कोणाच्या भरवशावर?

वरण तसंच सिंकमध्ये ओतलं. आयुष्यात पहिल्यांदा मला रिपोर्ट नको होता.