टॉलिव्हरची रजा

२००७ च्या जूनमध्ये आमची कंपनी केंटकीतल्या तळावर होती. इराकला निघण्याच्या ऑर्डर्स आल्या होत्या. मी प्लॅटूनचा मेडिक, जखमींवर उपचार करणारा. आईवडील नागपूरचे, मी वाढलो जर्सी सिटीत. सगळे मला ‘डॉक’ म्हणत. सकाळी पीटी, मग रेंजवर नेमबाजी, दुपारी गाड्यांची तपासणी.

सार्जंट रे टॉलिव्हर आमचा स्क्वॉड लीडर. कृष्णवर्णीय, लुईव्हिलचा. त्याच्या आईच्या लहानपणी कोर्टाच्या आदेशाने काळी मुलं गोऱ्या वस्तीतल्या शाळांत जाऊ लागली, तेव्हा तिच्या बसवर दगड पडले होते. मग बसमध्ये रायफलवाला सैनिक बसू लागला. त्या सैनिकाबद्दल ऐकतच टॉलिव्हर वाढला आणि आर्मीत आला. आता त्याची मुलगी निया बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला, काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळेत जात होती.

मेसमधल्या टीव्हीवर बातमी आली. सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी काळी-गोरी मुलं एकत्र ठेवणारी लुईव्हिलची प्रवेश योजना रद्द केली होती. मुलाचा वंश पाहून त्याची शाळा ठरवता येणार नाही.

टॉलिव्हरने ट्रे बाजूला सरकवला. “संपलं, डॉक.”

माझे वडील गावच्या शाळेत वर्गाबाहेर, दारात बसून शिकले होते.

निकालावर लुईव्हिलच्या शाळांच्या बोर्डाची सभा होणार होती. पालकांना बोलता येणार होतं. त्याने फर्स्ट सार्जंटकडे एक दिवसाची रजा मागितली.

“निगेटिव्ह. सगळ्यांच्या रजा बंद आहेत.”

“मुलीच्या शाळेचा प्रश्न आहे, फर्स्ट सार्जंट.”

“प्रत्येकाच्या घरी काहीतरी आहे.”

“रॉजर.”

त्याने आईला फोन लावला. “मला सोडत नाहीत, मॉम. तू जा. तू बोल.”

काही महिन्यांनी इराकमध्ये रस्त्यावरच्या स्फोटात त्याची गाडी उडाली.

“टू-वन, कम इन. टू-वन.”

टू-वन म्हणजे त्याची गाडी. रेडिओवर उत्तर आलं नाही. मी धावत पोचलो, रक्त थांबवायला त्याचे दोन्ही पाय आवळून बांधले. हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा नाडी लागत नव्हती.

शवपेटीबरोबर लुईव्हिलला मला पाठवलं. सलामीच्या फैरी झाल्या तेव्हा निया दचकली. वर्गातली एक गोरी मुलगी आईबरोबर आली होती. तिने नियाचा हात धरला.

टॉलिव्हरच्या आईने त्या दोघींकडे पाहिलं. “डॉक, पुढच्या वर्षी या एका शाळेत असतील का?”

मी हात कपाळाशी नेऊन सलाम केला. समोर पेटी खाली उतरत होती. सार्जंट रे टॉलिव्हर, नियाचा बाबा.