दिसल्याशिवाय नाही

गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी फिरायला येणारी मंडळी मुकुंदशेठ शिरोड्यांना वेड्यातच काढत. नऊ फुटांची काठी घेऊन हा माणूस कोरड्या मैदानात उभा राहायचा, डोक्यावरून पिवळी दोरी मागे-पुढे झुलवायचा आणि लांब ठेवलेल्या स्कूटरच्या टायरमध्ये तिचं टोक अलगद उतरवायचा. कुणी थांबून विचारायचं, "काय शेठ, लागला का मासा?" मुकुंदशेठ चेहरा अगदी गंभीर ठेवून सांगत, "आज पाणी गढूळ आहे हो."

मेनरोडला त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. त्याला लागूनच माझं कुलपं-बिजागऱ्यांचं. त्यांचं घर सटाण्याकडचं, शुद्ध शाकाहारी, चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य. नैरोबीच्या मेहुण्याने नव्वदच्या दशकात कधीतरी ती काठी आणून दिली आणि घरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मुकुंदशेठ मासे धरायचे आणि सोडून द्यायचे. गळाला लावायची खोटी माशी ते काउंटरवरच बांधत, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून. पिसांसाठी चिकनच्या दुकानात जात आणि लाजत म्हणत, "कोंबडी नको, फक्त मानेची पिसं द्या." तो खाटीक मला एकदा म्हणाला, "तुमचे शेठ लय गोड माणूस, पण डोक्याचं बघा काहीतरी."

दर हिवाळ्यात माझी ओम्नी घेऊन आम्ही दोघं मालवणच्या पुढे जायचो. तिथे एका खाडीच्या तोंडाशी वाळूचा मोठा उथळ पट्टा आहे. भरती चढू लागली की गुडघाभर पाणी येतं आणि त्या पाण्याबरोबर रावस कोळंबी टिपायला वाळूवर शिरतात. मुकुंदशेठ मला पाण्यावरची चकाकी मारणारा पोलरॉइड चष्मा घालायला लावत आणि पाय न उचलता सरकवत चालायला शिकवत, कारण वाळूत वागळी, ती चपटी मासळी, दडलेली असते आणि तिच्या शेपटीला विषारी काटा असतो. "नाना, मासा शोधू नका, त्याची सावली शोधा. मासा पाण्याच्या रंगाचा होतो, सावलीला ते जमत नाही." मला सावली दिसायची तोवर मासा रत्नागिरी गाठायचा.

माझी काठी साधी, फिरकीच्या रिळाची. माशाला भुलवणारा पत्र्याचा चकचकीत चमचा जमेल तितका लांब भिरकवायचा आणि गुंडाळत आणायचा, एवढीच माझी विद्या. मला मासे त्यांच्यापेक्षा जास्त लागत, हे इथे नमूद करून ठेवतो. पण त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांचा एकच नेम होता. जो मासा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला नाही, त्याच्यावर दोरी टाकायची नाही. "न बघता गळ टाकला तर तो जुगार, नाना. बघून टाकला तर ती भेट."

आमचा होडीवाला बाबल्या या नेमापुढे हैराण व्हायचा. एकदा होडीच्या पुढच्या उंच नाळेवर उभा राहून तो ओरडला, "शेठ, तुमच्या उजव्याक! मोठो रावस! टाका, टाका!" मुकुंदशेठ तिकडे वळले, बघत राहिले, पण त्यांना काही दिसलं नाही. काठी हलली नाही. मासा निघून गेला. बाबल्या माझ्याकडे बघून म्हणाला, "गावलेलो सोडतत, दिसलेल्यार टाकणत नाय. मगे येतत कित्याक हे?" मुकुंदशेठ हसून म्हणाले, "तो तुझा मासा होता रे बाबल्या. माझा येईल."

पुढे पुढे त्यांचा येईनासा झाला. आधी ते ढगांना दोष देत, मग पाण्याला, मग चष्म्याच्या काचांना. दुकानात बाजूने आलेलं गिऱ्हाईक बोलेपर्यंत त्यांना कळत नसे. मैदानावर मात्र टायर चुकत नव्हता, त्यामुळे मीही फारसं मनावर घेतलं नाही. शेवटी शकुंतलावहिनींनी हट्टाने डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली थेंबांवर सांभाळायची होती. चाळिशी उलटलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला "डोळ्यांचं प्रेशर तपासून घ्या" असं बजावणाऱ्या या माणसाने स्वतःचं कधी तपासलं नव्हतं. याचा मला अजून राग येतो. आता तो कुणावर काढणार?

त्या हिवाळ्यात ते म्हणाले, "नाना, एकदा जाऊन येऊ. एक मासा बघायचाय. लागला नाही तरी चालेल." या वेळी वहिनीही आल्या. साडीचा काष्टा मारून त्या नवऱ्याचा दंड धरून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. ऊन स्वच्छ होतं, पाणी काचेसारखं. मुकुंदशेठ काठी तयार धरून वाळूवर नजर फिरवत होते.

आणि रावस आला. मलासुद्धा दिसला, म्हणजे केवढा असेल बघा. सावकाश, वाळू हुंगत, सरळ त्यांच्याच दिशेने. वहिनींना राहवेना, त्या गावाकडच्या बोलीवर आल्या. "अहो, तो दखा! आठे शे, आठेच शे!"

"कुठे?"

मी म्हणालो, "काठीच्या टोकापासून थोडं डावीकडे. वीसेक फूट. टाका शेठ, आम्ही सांगतो तसं टाका."

दोरी उचलली गेली, एकदा डोक्यावरून मागे झुलली. वीस फूट म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. पण ते थांबले. मान पुढे काढून पाण्यात बघत राहिले, इतके की मला बघवेना. मग दोरी तशीच मागे पाण्यावर पडू दिली आणि म्हणाले, "तुम्हाला दिसला ना? झालं तर मग." मासा वहिनींच्या पायाजवळून वळला आणि खोल पाण्यात गेला.

त्यानंतर ते पाच-सहा वर्षं होते. मी दर हिवाळ्यात विचारायचो, बाबल्याचाही निरोप असायचा. आम्ही दोघं-तिघं त्यांचे डोळे व्हायला एका पायावर तयार होतो, आणि हात तर त्यांचा शेवटपर्यंत शाबूत होता. पण त्यांचं उत्तर ठरलेलं, "दिसल्याशिवाय नाही." आता ते नाहीत. नेम माणसाने करावा, पण इतका पाळू नये असं मला वाटतं. हे त्यांच्या तोंडावर म्हणण्याइतकी माझी जीभ धीट नव्हती.

वहिनींना रावस दिसला त्या दिवशी आम्ही होडीतून परत येत होतो. किनारा जवळ आल्यावर त्यांनी वहिनींना विचारलं, "केवढा होता गं?"

वहिनींनी दोन्ही हात फाकून दाखवले, "एवढा." ऊन समोरून येत होतं. मुकुंदशेठांनी चाचपत त्यांचं एक मनगट धरलं, मग दुसरं, आणि दोन्हींमधलं अंतर तळव्याने मापत गेले. मापून झाल्यावरही हात सोडले नाहीत.

"गळ टाकायला हवा होता," ते म्हणाले.