एस्तेर ताट पुढे द्यायची

शेवटी ती काय बोलली, असं भेटायला येणारा प्रत्येक माणूस विचारतो. काही बोलली नाही. पाणी मागितलं, दोन घोट प्याली, भिंतीकडे कूस वळवली आणि थोड्या वेळानं तिचा हात गार लागला... बस, एवढंच. मे महिन्याची दुपार होती आणि कूलर नुसती गरम हवा फेकत होता. लोकांना वाटतं, मरणारा माणूस काही मोठं सांगून जातो. माझी बायको एस्तेर काही सांगून गेली नाही. पण तिला जे करायचं होतं ते तिनं आधीच, ईस्टरच्या रविवारी करून टाकलं होतं, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणून लिहायला बसलो. राईस मिलमध्ये जन्म गेला, शाळा चौथीपर्यंत. शब्द चुकला तर पेपरवाले दुरुस्त करतील.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, करडीच्या अलीकडे. धानाच्या बांध्या, एक तलाव आणि तलावाच्या पाळीवर आमचं कौलारू चर्च. मंडळी थोडी. खाली दरी, म्हणजे सतरंजी, तिच्यावर एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि ईस्टरला प्रभुभोजन असतं. पावाचे बारीक तुकडे ताटात, काळ्या मनुका भिजवून काढलेला रस लहान पेल्यांत. ताट हातोहात ओळीनं फिरतं. ज्याचं कोणाशी बिनसलं असेल त्यानं आधी जाऊन समेट करावा, मग हात लावावा, असं शास्त्र सांगते. आता शास्त्र सांगते आणि आम्ही ऐकतो. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून एकमेकांची डोकी फोडलेले दोघं शेजारी बसून तुकडा घेतात आणि बाहेर निघाले की पुन्हा तोंड फिरवतात. मीही घेत आलो. कोण एवढा विचार करते! पण एस्तेर घेत नव्हती. ताट आलं की दोन्ही हातांनी धरायची, जरा वेळ पाहायची आणि शेजारणीच्या हातात द्यायची. रसाचंही तसंच. तोंड वाकडं नाही, डोळ्यांत पाणी नाही. पंगतीत पोट भरलेली बाई वाढणाऱ्याला 'पुरे' म्हणते ना, तशी... वर्षानुवर्षं.

लोक बोलायचेच. कोणी म्हणे हिचं मन फिरलं, कोणी म्हणे ही कौसल्याबाईच्या नादानं विहारात जाते. कौसल्याबाई आमची शेजारीण, बौद्ध घरची, एस्तेरची जिवाची मैत्रीण. तिच्या कानावर हे आलं तर कुंपणावरूनच ओरडली, "अवं एस्तेर, विहारात येत असशील तर मले तरी सांगजो बाई, मी जागा धरून ठेवीन!" दोघी पोट धरून हसल्या. मला हसू येत नव्हतं. मी एकदा चिडून म्हटलं, "घेऊन टाक ना एक तुकडा. कोन पाहून राहिलं तुले?" ती तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "ज्यानं पाहाचं तो पाहते." तेव्हाचे चर्चचे पाळक साहेब, म्हातारे, भले माणूस, मुद्दाम घरी आले. म्हणाले, "बाई, देव सगळ्याची क्षमा करते." एस्तेर म्हणाली, "देवानं केली असन, साहेब. मी नाही केली ना अजून. मंग खोटं कायले खाऊ?" साहेबांनी चहा घेतला, टोपी घातली आणि गेले. त्यांना दोष नाही.

क्षमा कोणाला, ते सांगतो. एस्तेरची मोठी बहीण लीला अड्याळला दिलेली. त्यांची म्हातारी आई शेवटी लीलाकडेच राहायची. असाच उन्हाळा होता, आणि तेव्हा घरोघरी फोन नव्हते. म्हातारी गेल्याचा निरोप माणसाच्या तोंडी आला, तोही उशिरा. आम्ही अंगावरच्या कपड्यांनी निघालो, भंडाऱ्याला बस बदलली, अड्याळला पोचलो तर कबरस्तानात माती ओढून झाली होती आणि लोक हातपाय धुऊन परतत होते. लीला एवढंच म्हणाली, "थांबता नाही आलं." एस्तेरनं मूठभर माती उचलली, परत ढिगावर टाकली आणि बहिणीच्या घरचं पाणीही न पिता बसस्टँडवर येऊन बसली. "मायचं तोंड नाही पाहू देल्लं मले," हे ती बसमध्ये एकदा बोलली. पुन्हा नाही. नंतर लग्नकार्यात दोघी भेटत, "सलाम" म्हणत, एका पंगतीत जेवत. त्यापलीकडे शब्द नाही. आरडाओरड्याचं भांडण असतं तर मी मध्ये पडून मिटवलं असतं. पण ज्या भांडणाला आवाजच नाही, त्यात हात घालावा कुठून?

मागच्या पावसाळ्यापासून तिची किडनी जात चालली होती. नागपूरच्या डॉक्टरनं मला बाजूला घेतलं तर ही खाटेवरूनच म्हणाली, "मले सांगा, डॉक्टर साहेब. त्याहीले नोका सांगू, ते भेतात." खरंच होतं ते. मी भ्यालो. ती नाही. गुड फ्रायडेला पोरगा आणि सून पुण्याहून आले, तीन दिवसांच्या जोडून सुट्या होत्या. त्या संध्याकाळी एस्तेर मला म्हणाली, "लीलाले फोन लावा. म्हना, ईस्टरले ये." मी लावला. पलीकडून लीला म्हणाली, "कायले?" मी म्हटलं, "मले काय मालूम? या म्हनते." "जास्त झालं का, जवाईबापू?" मी म्हटलं, "येऊन पाहा." मला गोड बोलता येत नाही.

रविवारी पहाटे मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जाऊन आली. पलीकडच्या गल्लीत पोरं जयंतीच्या निळ्या पताका बांधत होती. घरात सून कोंबडीच्या रश्श्याचा मसाला वाटत होती, पोरगा इस्त्रीचा शर्ट घालून आत-बाहेर करत होता. एस्तेर पांढरी साडी नेसून ओसरीवर खाटेवर बसली होती. पहिल्या बसनं लीला आली. वाकलेली, हातात कैऱ्यांची पिशवी. "सलाम." "सलाम. बस." लीला माझी आकडसासू, तिच्यासमोर बसायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून मी दाराच्या आड उभा राहिलो. वाटलं, आता तब्येतीचं निघेल, पोराबाळांचं निघेल. एस्तेरनं काहीच काढलं नाही. सरळ विचारलं, "मायचं तोंड कसं होतं?"

लीलानं पिशवी खाली ठेवली. "सकाळी चिंचा फोडत होती. बसल्या बसल्या कलंडली. उचललं तं पोरीसारखी हलकी. तू देल्लेलं हिरवं लुगडं नेसवलं मी." एस्तेर म्हणाली, "तोंड सांग." तेवढ्यात घंटा झाली. पोरगा म्हणाला, "आई, उशीर होऊन राहिला." "जा तुमी. देवाले म्हना, येऊन राहिली." कोणी हललं नाही. लीला खाली पाहत बोलली, "दुपार झाली, एस्तेर. बरफ आनाले मानूस धाडला, तो खाली हातानं आला. मायचं तोंड बदलून राहिलं होतं. फुगून राहिलं होतं. ओठ काळे पडले, ओळखू येईना. म्या म्हटलं, आता एस्तेर येईन अन् हेच तोंड घेऊन घरी जाईन. जन्मभर तिले हेच दिसन. माह्या एकटीच्या डोळ्यात राहू दे... म्हनून मातीची घाई केली."

चर्चमधून गाण्याचा आवाज येऊ लागला. मग एस्तेर म्हणाली, "इतके वर्स सांगितलं काहून नाही?" लीला उसळली, "मायचं असं सांगू? अन् तू काहून नाही विचारलं?" एस्तेरनं विचार केला. खरंच विचार केला, तिच्या कपाळावर दिसत होता. "विचाराले पाहिजे होतं," म्हणाली. कुंपणाजवळ कौसल्याबाई केव्हाची डोळे पुसत उभी होती. तिथूनच म्हणाली, "एकाच कुंभाराची मडकी तुमी दोघी! फुटान पन आवाज नाही करान." एस्तेर उठायला लागली. "चाल लीला. आज ताट घेतो मी." "ताट? तू घेत नव्हती?" "तू घेत होती?" "मी तं दर महिन्याले घेतो बाई! रडत घेतो, पन घेतो. मले कोनं सांगितलं का नाही घ्या लागत?" आणि मग माझी बायको हसली. अंगात रक्त नाही, हातापायाला सूज, आणि ओसरीचा खांब धरून अशी हसली की सून मसाल्याचे हात घेऊन धावत बाहेर आली.

आम्ही गेलो तेव्हा उपदेश संपला होता. दोघी बहिणी एकमेकींना धरून आत शिरल्या आणि बायांच्या बाजूला मागे बसल्या. मी माणसांच्या बाजूला, पण माझं सगळं लक्ष तिकडे. ताट ओळीनं येत होतं. अनेक मानाही तिकडे वळल्या. गावात काही लपत नाही. एस्तेरनं नेहमीसारखं दोन्ही हातांनी ताट धरलं, पाहिलं. एक तुकडा उचलला आणि तोंडात घातला. आम्ही लोक तो तुकडा गोळीसारखा गिळतो. ती चावत राहिली. दिवसभर रोवणी करून आलेली बाई भाकर चावते तशी, डोळे उघडे ठेवून, सावकाश... मी जन्मानं ख्रिस्ती. या चर्चमध्ये बाप्तिस्मा, इथंच लग्न. देवाची भीती मला कधी वाटली नव्हती, आज सांगतो. त्या दिवशी वाटली. वाटलं, हा तर खरंच इथं आहे, आणि ही बाई इतकी वर्षं त्याच्याशी एक शब्द खोटं न बोलता राहिली, आणि मी तिच्या शेजारी झोपत होतो.

मग तसा साधाच रविवार झाला. कौसल्याबाईनं घरून तांदळाची खीर आणली, लीलानं कैरीची चटणी वाटली, पोरानं सगळ्यांना वाढलं. एस्तेरला पथ्य होतं, तिनं रश्श्यात नुसतं बोट बुडवून चाखलं आणि सुनेला म्हणाली, "मीठ कमी, पन जमलं." दुपारी ती ओसरीवर झोपली आणि लीला पदरानं माशा हाकत बसली. शेवटची बस निघून गेली तरी लीला उठली नाही, आणि कोणी तिला उठवलंही नाही. त्यानंतर ती अड्याळला गेली ती फक्त कपडे आणायला. मे महिन्यात एस्तेरला शेवटची आंघोळ तिनंच घातली. तोंड तिनं पाहिलं, मी पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. चांगलं होतं.

आता माझं. या महिन्यात पहिल्या रविवारी मी चर्चला गेलो. ताट आलं, मी दोन्ही हातांनी धरलं आणि पुढे दिलं. ठरवून नाही केलं. हातच उचलला नाही. बाहेर निघाल्यावर लीलानं मला तलावाच्या पाळीवर गाठलं. "कोनासंगं बिनसलं तुमचं, जवाईबापू?" मी वर बोट दाखवलं. म्हटलं, "त्याच्यासंगं. न्याचंच होतं तं मी होतो ना घरात. तिले कायले नेलं?" मला वाटलं, ही आता शास्त्र सांगेल. तिनं सांगितलं नाही. म्हणाली, "मंग मले काय सांगता? त्यालेच विचारा. एस्तेरनं विचारलं तसं, तोंडावर."

सकाळी चहा झाला की मी ओसरीवर बसतो आणि विचारतो. मोठ्यानं विचारतो, कौसल्याबाईला कुंपणापलीकडे ऐकू जाते. कधी शिव्याही देतो. अजून तो काही बोलला नाही. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार जवळ आला आहे, लीला आणि मी जाणार आहोत. ताट आलं तर मी धरीन, पाहीन, पुढे देईन. खोटं खाणार नाही. तो बोलला की खाईन.